ऊन पडलंय, पाणी चढायलंय

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की आधी "आयर्विनला किती?" असा प्रश्न येतो, बाकीची विचारपूस नंतर. आयर्विन म्हणजे १९२९ साली कृष्णेवर बांधलेला पूल, आणि किती म्हणजे किती फूट. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ असतात. २००५ ला ५३ च्या पुढे गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या पुढे. आमच्या गावभागातल्या गल्लीत कितव्या फुटाला कोणाच्या पायरीला पाणी लागतं, हेही प्रत्येकाला माहीत असतं.

बाहेरच्यांना एक गोष्ट मात्र समजावून सांगावी लागते. आमच्याकडचा पूर आमच्या पावसाने येत नाही. सांगलीचं आकाश कोरडं असतं, कधीकधी तर लख्ख ऊन असतं, आणि पाणी चढत असतं. पाऊस पडत असतो महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेच्या खोऱ्यात. ते पाणी वाई, साताऱ्यावरून येतं, कराडला कोयना त्यात मिसळते आणि मग आमच्याकडे पोचतं. म्हणजे सातारा जिल्ह्यात पडलेला पाऊस आम्ही एक-दोन दिवस उशिरा भोगतो. मधल्या वेळात माणूस वर बघतो, ऊन दिसतं, आणि त्याला वाटतं की संपलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये माझ्या पप्पांना तसंच वाटलं होतं.

पप्पांचा फोटो स्टुडिओ. घराच्या तळमजल्यावर पुढे दुकान, मागे जुनी डार्करूम, वर आम्ही. २००५ च्या पुरात खालच्या फळ्यांवरच्या निगेटिव्ह गेल्या. तेव्हा पप्पांनी भिंतीवर ऑइलपेंटने एक आडवी रेघ मारली आणि उरलेल्या निगेटिव्ह त्या रेघेच्या वर दोन फूट ठेवल्या. त्यांचा हिशोब सरळ होता: जेवढं आलं त्यापेक्षा जास्त कसं येईल? २०१९ ला पाणी चढत असताना मधे तासाभराचं ऊन पडलं. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी आयर्विनचा आकडा टाकला, उतरायला लागल्याचा. तो आदल्या दिवशीचा होता की कुठल्या वर्षीचा, देव जाणे. पप्पा म्हणाले, "ऊन पडलंय. उतरेल आता." निगेटिव्हचे खोके वर न्यायचे राहिले. रात्री पाणी २००५ च्या रेघेवरून गेलं, आणखी दोन फूट गेलं, आणि मग आम्हाला बोटीतून काढलं.

चार दशकांची लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, आणि किती म्हाताऱ्या माणसांचे एकुलते एक पासपोर्ट साइज फोटो. पाणी ओसरल्यावर पप्पांनी खोकी उघडली तेव्हा फिल्मवरचा थर जेलीसारखा बोटाला चिकटून येत होता. ते काही बोलले नाहीत. बादलीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक पट्टी धुवायला बसले, आणि चार दिवसांनी थांबले.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली ती लॉकडाऊनमध्ये, घरात बसून. मी लिहून दिलं: लेझरने पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. मला आयर्विनचा आकडा नको होता, तो सगळ्यांकडे असतो. मला आमच्या गल्लीचा हवा होता, दर मिनिटाला, कोणाच्या फॉरवर्डवर न विसंबता.

लेझरने अंतर मोजायच्या दोन सोप्या रीती आहेत. एक, प्रकाश पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटीमीटर जातो, म्हणजे घड्याळ भलतंच बारीक लागतं. दुसरी रीत गरिबाची. डावीकडे लेझर ठेवा, एक फुटावर उजवीकडे कॅमेरा. लेझरचा ठिपका लांब पडला तर कॅमेऱ्याला तो एका जागी दिसतो, जवळ पडला तर बाजूला सरकतो. किती सरकला यावरून अंतर काढायचं. शाळेतला समरूप त्रिकोण, बाकी काही नाही. माझ्याकडे जुना वेबकॅम होता, म्हणून मी ही दुसरी रीत घेतली. हिच्यात एक गंमतही होती. चार मीटरवर कॅमेऱ्याचा एक टिंब म्हणजे सात-आठ सेंटीमीटर, पण एक मीटरवर तोच टिंब म्हणजे जेमतेम अर्धा सेंटीमीटर. पाणी जितकं वर येईल तितकं यंत्र अचूक होणार. पुरासाठी याहून चांगलं काय हवं?

डिसेंबरातल्या एका रात्री गच्चीवरून खाली ठेवलेल्या टपात नेम धरला. टपात माती कालवून गढूळ पाणी केलं होतं, कारण स्वच्छ पाण्यात लेझर आत शिरतो नाहीतर आरशासारखा भलतीकडे उडतो. गढूळ पाण्यातले मातीचे कण मात्र प्रकाश चहूकडे पसरवतात, म्हणून ठिपका दिसतो. कृष्णेच्या पुराचं पाणी चहाच्या रंगाचं असतं, तेव्हा ती काळजी नव्हती. आकडे आले, सेंटीमीटरला बरोबर. मी पप्पांना झोपेतून उठवून दाखवलं.

सकाळी दहा वाजता तेच यंत्र, तोच टप, आणि पडद्यावर ३१२, ४०, ३९९, १८७, ४०. ऊन आलं होतं.

याचा हिशोब मी नंतर मांडला, आधी मांडायला हवा होता. दुपारचं ऊन जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ओततं. माझा लेझर पाच मिलिवॅटचा, त्याचा ठिपका नखाएवढा, चौरस सेंटीमीटरचा. तेवढ्याच जागेत ऊन शंभर मिलिवॅट टाकतं. म्हणजे माझ्या ठिपक्याच्या वीसपट. जत्रेत लाउडस्पीकरखाली उभं राहून कानात कुजबुजल्यासारखं.

तुमच्या हातातल्या फोनलाही हेच सोसावं लागतं. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते, ती एका इवल्या इन्फ्रारेड दिव्यामुळे. काही फोनमध्ये फोकस धरायला लेझर असतो, तो अंधाऱ्या हॉलमध्ये उत्तम चालतो आणि उन्हात जवळपास निरुपयोगी ठरतो. टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून बघा, बहुतेक फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. हाच प्रयोग भर उन्हात अंगणात करा.

माझी पहिली युक्ती पुस्तकातली होती. लेझर लावून एक फोटो, लगेच बंद करून दुसरा, आणि पहिल्यातून दुसरा वजा. ऊन दोन्ही फोटोंत सारखं, म्हणून ते उडून जाईल आणि ठिपका उरेल. पप्पांना हे लगेच कळलं. "डबल एक्स्पोजरच्या उलट," ते म्हणाले. पण उन्हात वजाबाकीचं उत्तर शून्य येत होतं. कारण असं, की कॅमेऱ्याचा प्रत्येक टिंब ही एक बादली असते. उन्हाने बादली काठोकाठ भरली की त्यावर लेझरचं तांब्याभर पाणी ओतलं तरी ते सांडूनच जाणार. ओतण्याआधी आणि नंतर बादली सारखीच. मग मी एक्स्पोजर कमी केलं, म्हणजे नळ थोडाच वेळ सोडला. बादली भरेना, पण आता लेझरचंही थेंबभरच येत होतं, आणि उन्हाचे कण कमीजास्त येतात त्या खळबळीत ते थेंब हरवत होते. शंभर जोड्या घेऊन सरासरी काढली तर खळबळ दहापट कमी होते, हजार घेतल्या तर साधारण तीसपट. नफा आहे, पण महागात पडणारा. ऊन आणि लेझर यांचं वीसास एक हे प्रमाण काही केल्या हलत नव्हतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मामेभावाच्या लग्नाला लिंबला गेलो. साताऱ्याजवळचं गाव, आईचं माहेर. तिथली बारा मोटांची विहीर तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिली असेल. विरुबाई भोसले यांनी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, वरून शिवलिंगाच्या आकाराची, आणि खोली ११० फूट सांगतात. मामा बांधकामाची कामं घेतो, त्याच्याकडे लेझर टेप असतो. हळदीच्या दिवशी दुपारी मी तो घेऊन विहिरीवर गेले. बाहेर उन्हात दहा मीटरवरच्या भिंतीवर लाल ठिपका शोधून सापडेना. टेप "एरर" म्हणत राहिला. कठड्यावरून आत धरला, तर तितक्याच खोलीवरच्या दगडावर ठिपका पेटल्यासारखा दिसला आणि आकडा चटकन आला.

मामा म्हणाला, "मग? दिवसा खोल विहिरीत उतरून वर बघितलं तर चांदण्या दिसतात, म्हणतात की."

हे मीही लहानपणी ऐकलं होतं. परतीच्या एसटीत मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं, कारण ते खरं नाही, आणि का नाही यात माझं उत्तर होतं. विहीर म्हणजे एक लांब नळी. नळीतून बघितलं की आजूबाजूचा उजेड तुटतो. पण ताऱ्याच्या बरोबर मागचा जो आकाशाचा तुकडा दिसतो, तो होता तितकाच उजळ राहतो, आणि तारा बुडतो तो त्याच उजेडात. माझ्या ठिपक्याचंही तसंच. कॅमेऱ्याला नळी लावून मी आजूबाजूचं ऊन तोडू शकत होते. ठिपक्याच्या डोक्यावर पडलेलं ऊन नळीने जाणार नव्हतं. विहिरीत ठिपका दिसला तो नळीमुळे नाही, आतला दगडच सावलीत होता म्हणून.

"मग तुझं यंत्र सावलीत का नाही लावत?" आई म्हणाली.

प्रश्न रास्त होता. जे मोजायचं तेच सावलीत असेल तर अर्धी कटकट मिटते. पण मला गल्लीतलं पाणी मोजायचं होतं, आणि गल्ली पूर्व-पश्चिम आहे. पुराच्या गल्लीवर मांडव कोण घालणार?

घरी आल्यावर मी पप्पांना सगळं सांगितलं. लॉकडाऊननंतर स्टुडिओ उघडला होता, पण गिऱ्हाईक नव्हतं. फोटो लोक स्वतःच काढायला लागले होते. पप्पा ऐकत होते आणि ऐकता ऐकता खुर्चीत सरळ होत गेले. ज्याला मी "पार्श्वप्रकाशाचा अडथळा" म्हणत होते, त्याच्याशी त्यांनी चाळीस वर्षं मारामारी केली होती. फक्त त्यांचं नाव वेगळं होतं: फॉग.

त्यांनी आधी माझी नळी हातात घेतली. पीव्हीसी पाइपचा तुकडा, आतून पांढरा. "हे काय? उजेड याच्या पोटात शिरून नाचत नाचत लेन्सपर्यंत येतोय की." बाहेरून काळा रंग मारून उपयोग नसतो, आतून हवा, आणि तोही चकचकीत नको. त्यांनी दुकानातल्या जुन्या पार्श्वपडद्याच्या काळ्या मखमलीचा तुकडा आत चिकटवला. त्या एवढ्याशा कामाने फोटोतला धुरकटपणा निम्म्यावर आला.

मग त्यांनी डार्करूमचा लाल दिवा लावून दाखवला. कृष्णधवल फोटोच्या कागदाला लाल रंग दिसतच नाही, म्हणून त्या दिव्यात निवांत काम करता येतं. "कागदाला नको तो रंग लावायचा. तुझं उलटं आहे. तुझ्या कॅमेऱ्याला हवा तेवढाच रंग आत सोडायचा." मी लेझर बदलून इन्फ्रारेड घेतला, ८५० नॅनोमीटरचा. डोळ्याला न दिसणारा, म्हणून जास्त धोक्याचा. दिसणारा प्रकाश डोळ्यात गेला तर पापणी मिटते, याला मिटत नाही. त्याबद्दल पुढे सांगते. वेबकॅमच्या आत इन्फ्रारेड अडवणारी काच असते, ती काढून टाकली. आता दिसणारा सगळा उजेड अडवून फक्त इन्फ्रारेड सोडणारी काळी काच हवी होती.

पप्पा माळ्यावर चढले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात रंगीत निगेटिव्हची टोकं होती. कॅमेऱ्यात रोल भरताना सुरुवातीची वीतभर फिल्म उजेडात येते, डेव्हलप झाल्यावर ती ठार काळी होते. फोटो नसलेली, म्हणजे टाकून द्यायची. पण पप्पांना काही टाकवत नाही. रंगीत फिल्ममधला काळेपणा रंगद्रव्यांचा असतो, चांदीचा नाही. त्यामुळे डोळ्याला काळी दिसणारी ती पट्टी इन्फ्रारेडला मात्र काचेसारखी पारदर्शक. जगभरातली हौशी मंडळी ही युक्ती वापरतात, हे मी नेटवर वाचलं होतं. माझ्या घरात त्याचा डबा भरून साठा आहे, हे माहीत नव्हतं. पुरात वाचलेल्या निगेटिव्ह तेवढ्याच होत्या, ज्यांच्यावर कोणाचाच चेहरा नव्हता.

दोन पदरी पट्टी लेन्सपुढे लावली. उन्हाचा साधारण एक तृतीयांश भाग उरला. वीसपटाचं सहा-सातपट झालं. चांगलं, पण पुरेसं नाही. कारण सूर्य इन्फ्रारेडमध्येही भरपूर देतो, आणि फिल्मची पट्टी ८५० च्या पुढचं सगळंच आत सोडते. मग मी शेवटी मेसच्या एका महिन्याच्या पैशांएवढा खर्च करून खराखुरा फिल्टर मागवला, ८५० च्या आसपास दहा नॅनोमीटर एवढीच फट सोडणारा. त्या फटीतून उन्हाचे दर चौरस मीटरला जेमतेम नऊ-दहा वॅट येतात. माझा लेझर त्याच मापात पन्नास वॅट. पहिल्यांदाच मी सूर्यापेक्षा उजळ होते. मार्चमधल्या एका दुपारी बारा वाजता आकडा स्थिर आला. त्या दिवशी आम्ही भेळ मागवली.

एप्रिलमध्ये तो पुन्हा बिघडला. सकाळी ठीक, दुपारी अकरानंतर ठिपकाच गायब. आठवडाभर मी कोड तपासत बसले. दोष उन्हाचाच होता, पण यावेळी उजेडाचा नाही, उष्णतेचा. लेझर डायोड तापला की त्याचा रंग सरकतो, दर अंशाला नॅनोमीटरचा साधारण तीन दशांश भाग. गच्चीवरच्या डब्यात पंचावन्न अंश झाले की तो आठ-नऊ नॅनोमीटर सरकायचा आणि स्वतःच्याच फिल्टरच्या फटीबाहेर जायचा. दार इतकं अरुंद केलं की घरचाच माणूस आत येईना. मग जास्त रुंद फटीचा फिल्टर, डब्याला पांढरा रंग आणि वर थर्मोकोलचं छप्पर. पप्पांनी हौसेने त्यांचा पोलरायझरही लावून पाहायला दिला, पाण्यावरची चमक मारायला. नेहमीचा फोटोग्राफीचा पोलरायझर इन्फ्रारेडमध्ये आंधळा असतो. त्यांना त्याचं वाईट वाटलं.

या सगळ्याचं टोक बघायचं असेल तर चंद्राकडे बघा. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे आरशांची एक पेटी ठेवली. पृथ्वीवरून लेझरचा झोत सोडतात आणि परत येणारे कण मोजतात. एका झोतातून परत आला तर प्रकाशाचा एखाद-दुसरा कण येतो. तरी तो ओळखतात. दुर्बीण आकाशाचा अगदी चिमूटभर तुकडा बघते, फिल्टर एकच रंग सोडतो, आणि उत्तर कधी यायला हवं हे आधीच ठाऊक असल्याने तेवढ्या काही नॅनोसेकंदांपुरतंच दार उघडतात. माझ्यासारख्याच युक्त्या. त्यांचं काम जास्त निगुतीचं.

यंत्र आम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसवलं, खाली गल्लीकडे तोंड करून. अदृश्य लेझर पोरं खेळतात त्या गल्लीवर रोखून ठेवणं म्हणजे गुन्हाच. म्हणून खाली नाल्याच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीतलं फ्लोट स्विच लावलं. गल्लीत गुडघाभर पाणी आल्याशिवाय लेझर पेटायचाच नाही. गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर आकडा आपोआप जायची सोय केली. पाणी एका तासात पंधरा सेंटीमीटरपेक्षा जास्त चढलं किंवा उतरलं, तर वेगळा मेसेज.

जुलै २०२१. २२-२३ तारखेला महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडे वर्षभरात जेवढा पडतो, जवळजवळ तेवढा. पाटण तालुक्यात डोंगर खचले, आंबेघर, मिरगाव ही नावं बातम्यांत आली. मामाचा फोन लागत नव्हता. आणि सांगलीत पाणी चढायला लागलं.

आमच्या गल्लीत पाणी शिरल्यावर रात्री लेझर पहिल्यांदा खराखुरा पेटला. वीज गेली होती, यंत्र इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. तासाला चार-पाच सेंटीमीटर. यावेळी पप्पांनी काहीही न बोलता दुकानातलं सगळं वर आणलं. गल्लीतले लोक झोपले नाहीत. पहाटे तीनला मेसेज टाकला तरी खाली तीस जणांची निळी टिक यायची.

सकाळी ऊन पडलं.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ग्रुपवर माझ्या यंत्राचा मेसेज गेला: पाणी २८ सेंटीमीटर उतरलं.

मी आत चहा पीत होते. खालून टाळ्या ऐकू आल्या. समोरच्या घरातल्या काकांनी गॅलरीतून दोन्ही हात वर करून मला नमस्कार केला. ग्रुपवर फुलं, गणपती, "ताईंचे आभार". मीही एक अंगठा टाकला. त्या सात-आठ मिनिटांत मला जे वाटलं ते इतकं छान होतं, की ते लिहायला नको वाटतं.

पप्पा जिन्यात उभे होते. त्यांनी पहाटे जिन्याच्या भिंतीवर खडूने रेघ मारली होती, यंत्रावर अविश्वास म्हणून नव्हे, सवय म्हणून. ते म्हणाले, "अगं, इकडं बघ जरा. हे तर चढायलंय."

रेघ पाण्याखाली गेली होती, चांगली बोटभर.

मी लॅपटॉप उघडून कच्चे फोटो पाहिले. शेजारच्या घराच्या लोखंडी गेटमध्ये वाहत आलेल्या स्टीलच्या पिंपाचं झाकण अडकलं होतं. ते पाण्यावर डुलत होतं आणि दर हिंदकळीला सूर्य थेट कॅमेऱ्यात फेकत होतं. लेझर लावल्याच्या फोटोत चमक आणि बंद केल्याच्या फोटोत नाही, असं झालं की वजाबाकीत ती चमक उरते. इकडेतिकडे फिरणारी चमक मी सरासरीत मारली होती. ही मात्र गेटमध्ये अडकल्यामुळे पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होती. माझ्या फिल्टरमधून झिरपलेलं ऊनही त्या आरशापुढे माझ्या ठिपक्यापेक्षा कितीतरी उजळ. कोडला मी सांगितलं होतं, सर्वांत उजळ ठिपका धर. त्याने धरला.

मी मेसेज "सगळ्यांसाठी डिलीट" केला. तोवर तो तीन ग्रुपवर पुढे गेला होता, एक तर सांगलीवाडीचा होता. माझ्या नावासकट. फोन करत सुटले. गल्लीच्या टोकाच्या घरात एक आज्जी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सकाळी विश्रामबागेत हलवायचं ठरलं होतं, खुर्चीही बांधून तयार होती. माझा मेसेज वाचून त्यांच्या मुलाने खुर्ची सोडली. फोन लागेना. पप्पा कमरेएवढ्या पाण्यातून दोरी धरून गेले. मी गॅलरीतून बघत होते, आणि माझं यंत्र अजूनही सांगत होतं की पाणी उतरतंय.

आज्जींना दुपारी बोटीतून काढलं. सकाळी चालत खुर्चीवरून नेता आलं असतं, ते पाणी आता छातीला आलं होतं. त्यांना काही झालं नाही. त्यांच्या मुलाने मला कधी एका शब्दाने काही म्हटलं नाही, हे मला जड जातं. आयर्विनला त्या पुरात ५५ फुटांच्या आसपास गेलं.

प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. अहवालात "चकाकणाऱ्या पृष्ठभागांमुळे क्वचित चुकीचे वाचन" असं एक वाक्य आहे. ते मीच लिहिलंय.

नंतर मी कोडमध्ये बऱ्याच गोष्टी बदलल्या. आता लेझर एका ठरलेल्या लयीत लुकलुकतो, कधी लवकर कधी उशिरा, आणि त्याच लयीत लुकलुकणारा ठिपकाच धरला जातो. झाकणाला ती लय माहीत नसते. एका मिनिटात पाणी फूटभर उतरू शकत नाही, एवढी अक्कलही त्याला घातली. पण सर्वांत मोठा बदल दोन ओळींचा आहे. ठिपका उन्हापेक्षा ठरावीक पटीने उजळ नसेल, तर यंत्र आकडा देतच नाही. "दिसत नाही" एवढंच पाठवतं. आधीच्या कोडमध्ये अशी जागाच नव्हती. काहीही झालं तरी ते एक आकडा द्यायचं, आणि आकडा आला की माणूस तो मानतो.

आता दर जूनमध्ये मी पुण्याहून येते, डबा उघडते, फिल्टर पुसते. मखमल दरवर्षी बदलावी लागते, तिला बुरशी येते. मग गल्लीत प्लास्टिकच्या टपात गढूळ पाणी ठेवून, पोरांना घरात घालून, फ्लोट हाताने उचलून चाचणी घेतो. दुपारी बारा ते दोन बहुतेक वेळा "दिसत नाही" येतं. समोरचे काका त्यावरून चिडवतात. मागच्या वर्षी त्यांच्या नातीने त्यांना चष्मा कुठे ठेवलाय विचारलं, तर त्यांनी तिला ग्रुपवर तेच दोन शब्द पाठवले.

पप्पांनी जिन्यात आता लोखंडी पट्टी ठोकून घेतली आहे, फूट आणि इंचांच्या खुणा असलेली. तिच्याशेजारी दोऱ्याला खडू बांधलेला असतो. चाचणी चालू असताना ते वर येऊन माझा आकडा बघतात, खाली जाऊन टपात पट्टी बुडवतात आणि ओरडून सांगतात, "एका सेंटीमीटरचा फरक आहे गं."

"तुमची पट्टी वाकडी धरलीय," मी वरून ओरडते.